पालथा डबा

फळांचा डबा उघडायचाय ना? उघडू. आधी माझ्या साडूची गोष्ट ऐका. थापा मारणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. ते खातं घरात माझ्याकडे.

तेव्हा खाण्याच्या मालाची तपासणी नुकती सुरू झाली होती आणि साडू नवाकोरा तपासनीस. डब्यातली फळं खाऊन पोरं आजारी पडली, म्हणून मार्चच्या शेवटच्या शनिवारी रात्री दहाला तो त्या डब्यांच्या कारखान्यावर थडकला. पहाटे ट्रक निघणार होते. त्याआत नासका माल सापडला नाही, तर तो आणखी पोरांच्या पोटात जाणार होता.

"हजारो डबे आहेत, साहेब. उगाच जागरण कशाला? सकाळी या," मुकादम म्हणाला.

"सकाळी डबे असतील का?" म्हणत साडू गोदामात शिरला.

आत एकच बाई. हातातल्या सळीने डबे वाजवून बघत होती. चांगला डबा खणकन वाजतो. नासका वाजतो भद्द. तो ती पालथा ठेवायची. तिथल्या बायकांची तशी पद्धतच होती.

"ताई, एवढ्या रात्री एकट्याच?"

"दार बाहेरून बंद असतं, भाऊ."

"का?"

"आम्ही माल चोरू म्हणून."

साडूला राग आला. मग त्याने नीट पाहिलं. तिच्या केसांतून वाफ निघत होती... गोदाम तर गार होतं.

ती उठली. दाराशी गेली. सळीने दार वाजवू लागली.

टक्. टक् टक्.

"अहो, उघडंच आहे की..."

ती थांबेना. टक् टक् टक्.

मग नुसताच आवाज. बाई नाही.

साडूची पाचावर धारण बसली. धावत बाहेर आला, तर फाटकाशी कामावरची एक म्हातारी बसलेली. तिने काही विचारलंच नाही. म्हणाली, "गेल्या उन्हाळ्यात वाफेचा नळ फुटला, साहेब. ती आत कोंडली. दार वाजवत होती. आम्ही भिंतीपलीकडेच होतो हो... आम्हांला वाटलं, डबे तपासतेय."



साडूने पालथे डबे फोडले. एकूण एक नासका. ट्रक जागचे हलले नाहीत. आणि निघण्याआधी त्याने गोदामाची कडी स्वतः उखडली.

चला, आणा आता तो डबा.

...अरे, हा पालथा कुणी ठेवला? मी संध्याकाळी सरळ ठेवला होता.

हसू नका. खरं सांगा.

कुणीच नाही?

...मग डबा राहू द्या. आधी ते दार उघडा.