दालचिनीची शिंक

गॅसच्या टाकीच्या शेडचं दार उघडलं आणि नखशिखांत तपकिरी झालेला एक तरुण आत आला. लिव्हा दचकून उठलीच.

"पाणी मिळेल? आज पंचवीस पूर्ण झाली..."

"आणि लग्न नाही." तिला हसू फुटलं. इकडे जटलंडात पंचविसाव्या वाढदिवशी लग्न न झालेल्या मुलामुलींना मित्र खांबाला बांधून दालचिनीच्या पुडीनं न्हाऊ घालतात.

"मी व्हिलाड्स. पवनचक्कीच्या शेडमध्ये विजेनं पाण्यातून हायड्रोजन काढून तुला पाठवतो, तो."

"म्हणजे माझ्या पोरांचा अन्नदाता." तिनं टाकीवर थाप मारली. "आतले सूक्ष्मजीव तुझा हायड्रोजन आणि शेणाच्या गॅसमधला कार्बन डायऑक्साइड खातात, मिथेन देतात. तीन आठवड्यांनी तपासणी. मिथेन शुद्ध निघाला तर गावाच्या गॅसलाइनला जोडणार, नाहीतर टाळं."

तो कौतुकानं सूक्ष्मजीवांच्या पूरक खाद्याच्या उघड्या पिंपावर वाकला... आणि दणदणीत शिंकला. अंगावरच्या पुडीचा ढग पिंपात उतरला. दोघंही हसत सुटली, आणि त्या हसण्यातच तिनं पिंपाचा नळ टाकीकडे सोडला.

सकाळी तिच्या तोंडचं पाणी पळालं. मिथेनचा काटा शून्यावर! दोन वर्षं जपलेले जीव रातोरात गेले होते. दालचिनी जंतू मारते हे शाळेतलं पोरही सांगेल, आणि तिनं ती स्वतःच्या हातानं भरवली होती.

व्हिलाड्स चौकशीला आला, तेव्हा ती कडाडली, "मारलीस माझी पोरं."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो वळला आणि धावतच निघून गेला. पळपुटा, तिनं मनात म्हटलं.

पाव तासानं तो धापा टाकत परतला. हातात एक बंद बाटली.

"नाताळात तू या टाकीतल्या जिवांची एकेक बाटली सगळ्या शेडना गमतीनं वाटली होतीस. बाकीच्यांनी फेकल्या. मी दर शनिवारी हिला हायड्रोजन देतो."

लिव्हा बघतच राहिली. बाटलीत बुडबुडे होते. जिवंत!

"पण... का?"

"बाटलीला चिकटवलेल्या चिठ्ठीवर तुझं अक्षर होतं," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

धुतलेल्या टाकीत त्या बाटलीतले जीव पुन्हा वाढले. रोज काटा बघायला तो यायचा, आणि काट्यापेक्षा तिच्याकडेच जास्त बघायचा. तपासणीला काटा सत्त्याण्णव टक्क्यांवर टेकला. टाळं टळलं.

"पुढच्या महिन्यात मलाही पंचवीस पूर्ण होतात," तपासणीची माणसं गेल्यावर लिव्हा म्हणाली.

"मग?"

"मग काय? या टाकीजवळ पुन्हा दालचिनी आलेली मला चालणार नाही. त्याआधी काय करायचं ते तू बघ."

व्हिलाड्सच्या हातातला कॉफीचा कप खाली पडला.