अपूला घरी आणलं ती रात्र

आधीच सांगते, भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही. शाळेत गणित शिकवते, आणि समोरचा फेकून राहिला असला तर तोंडावर सांगते. पण हे माझ्यासोबत झालंय. ज्याला पटत नसेल त्याने खुशाल हसावं.

मागच्या वर्षीची पौष पौर्णिमा. आमचं जबलपूर. लम्हेटाघाट ते भेडाघाट, नर्मदेच्या काठाकाठाने पायी.

आम्ही तिघं होतो. मी विनता, माझा नवरा सौमित्र आणि माझी नणंद अपूर्वा. घरात तिला सगळे अपू म्हणतात. पुढच्या महिन्यात तिचं लग्न होतं, सासर नागपूरचं. जायच्या आधी एकदा चांदण्यात संगमरवराचे कडे पाहायचे, हा तिचाच हट्ट.

दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या घरून निघताना सासूबाई दारात आल्या.

"विनता, पोरीला तुझ्या भरवशावर पाठवून राहिली मी. हळद लागायची आहे तिला."

"आई, सकाळच्या चहाला तिला तुमच्यासमोर आणून बसवते. आता जा, झोपा!"

असं मी बोलले. मोठ्या तोऱ्यात.

गाडी भेडाघाटला लावून ठेवली आणि ऑटोने लम्हेट्याला आलो. थंडी अशी की बोलताना दात वाजत होते. वर टिपूर चांदणं, आणि खाली नदीवरून धुकं चढून राहिलं होतं. वाट इतकी अरुंद की एकामागे एकच चालता यायचं. पुढे सौमित्र, मध्ये मी, मागे अपू. ती फोटो काढत रेंगाळायची आणि मी ओरडायची.

शेवटी सौमित्र म्हणाला, "सारखं मागे काहून पाहतेस? पडशील. नर्मदे हर म्हणत चल. उत्तर आलं म्हणजे अपू आहे."

आमच्याकडे काठावर कोणी 'नर्मदे हर' म्हटलं की ऐकणाऱ्याने 'नर्मदे हर' म्हणायचंच. परिक्रमेचा साधू असो, नावाडी असो, नाहीतर चहावाला. ओळख लागत नाही. तोंडातून आपोआप निघतं.

कोणीही उत्तर देतं, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. तरी त्या उत्तरालाच आम्ही अपूची हजेरी समजलो. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

एक नाला उतरून वर चढलो.

"नर्मदे हर!" मी म्हटलं.

"नर्मदे हर..." मागून अपूचा आवाज.

पुढे गेलो. पुन्हा हाक, पुन्हा उत्तर. छान चाललं होतं.

मग माझ्या लक्षात आलं... गावातली कुत्री भुंकायची थांबली होती.

नदीचाही आवाज नव्हता.

आमच्या बुटांखाली खडे वाजत होते. माझे आणि सौमित्रचे. मागे तिसऱ्या कोणाचे वाजत नव्हते...

"अपू, पाणी पाहिजे का गं?"

"नर्मदे हर..."

"अगं, पाणी म्हटलं मी!"

"नर्मदे हर..."

आवाज तिचाच, पण दर वेळी अगदी एकसारखा. तीच पट्टी, तेच अंतर.

"नाटकं बंद कर हं, अपू! एक ठेवून देईन!"

या वेळी काहीच आलं नाही.

आम्ही दोघं थांबलो. आता येईल, मग येईल म्हणून धुक्याकडे पाहत राहिलो. कोणी आलं नाही. मी तिला फोन लावला.

तिने लगेच उचलला. रडत होती.

"वहिनी, कुठं गेलात तुम्ही? कितनी देर से बैठी हूँ यहाँ! नाल्यात पाय मुरगळला माझा. उठताच येऊन नाही राहिलं. हाका मारून मारून घसा बसला."

"मग आत्तापर्यंत उत्तर कोण देऊन राहिलं होतं?"

"कसलं उत्तर?"

आणि तेवढ्यात, फोन कानाला असतानाच, धुक्यातून आलं...

"नर्मदे हर..."

सौमित्रने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ दिसले. आवाज वाटेवरूनच आला होता. आणि अपूकडे जायला वाट तीच. मी देवाचं नाव घेतलं आणि पळत सुटले. वाटेत कोणी दिसलं नाही.

नाल्याच्या अलीकडे, खडकावर, अपू बसली होती. आमच्याकडे पाठ करून.

"अपू!"

ती उठली. सरळ. खडकाला हातसुद्धा न लावता.

"पाय कसा आहे?"

"ठीक आहे. चलो."

मी तिला मिठी मारली, पाठीत एक धपाटा घातला, रडले, शिव्या घातल्या. इतका आनंद झाला होता की दुसरं काही सुचलंच नाही. हात बर्फासारखे गार होते तिचे. पण त्या थंडीत माझेही गारच होते की!

"फोन कुठाय?"

"पाण्यात पडला."

हात धरून तिला पुढे घेतलं आणि निघालो. थोडं अंतर गेलो असू, तर नाल्याच्या पलीकडून...

"वहिनी..."

मी थांबले.

"वहिनी, थांब ना... मला टाकून काहून चालली?"

हुंदके देत होती. घसा बसलेला होता.

मी हात धरलेल्या अपूने मागे वळून पाहिलं नाही. माझा हात मात्र घट्ट दाबला.

सौमित्र दबक्या आवाजात म्हणाला, "विनता, मागे पाहू नकोस. अपू आपल्यासोबत आहे. चल."

मी पाहिलं नाही. चालत राहिले. ते रडणं कितीतरी वेळ ऐकू येत राहिलं...

अपूला सकाळच्या चहाला आईंसमोर बसवलं. तिच्या पायाला सूज नव्हती, खरचटलंही नव्हतं. मी आणि सौमित्र उलट पावली नाल्यावर गेलो. नावाड्यांना विचारलं, झुडपं पालथी घातली. कोणी नव्हतं. तिचा नंबर लावला तर बंद.

हळदीच्या दिवशी आईंनी स्वतः तिच्या पायांना हळद लावली. रात्री स्वयंपाकघरात मी एकटी असताना आल्या आणि दार लोटून घेतलं.

"विनता, खरं सांग. तू कोणाला घेऊन आलीस?"

"असं काय बोलता, आई? अपूलाच."

"जन्मापासून तिचे पाय धुतलेत मी. हे पाय तिचे नाहीत. मला कळत नाही होय?"

एवढंच बोलल्या आणि डोळे पुसत बाहेर गेल्या.

लग्न थाटात झालं. अपू नागपूरला आनंदात आहे. फोन करते, हसते, जावईबापू तिच्यावर जीव टाकतात. सौमित्रजवळ विषय काढला की तो ताटावरून उठून जातो.

पण पौर्णिमा आली की आई शाल घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी येतात. आम्ही दोघी लम्हेट्याला जातो. नाल्यापाशी उभं राहून आई हळूच हाक मारतात, "अपू... ए अपू..."

आणि आम्ही कान देऊन उभ्या राहतो.

अजून तरी उत्तर आलेलं नाही. आलं तर काय करायचं, ते आम्हा दोघींनाही ठाऊक नाही. परत येताना आई रिक्षात रडत असतात, आणि मी त्यांचा हात धरून नुसती बसते.