बाबिलच्या भिंतीतली पावलं

बाबिलच्या जुन्या विटांवर कुत्र्याच्या पंजाचे ठसे सापडतात, त्याचं तिथे कुणाला अप्रूप नाही. ओल्या विटा उन्हात वाळत घातल्या की कुत्रं त्यांच्यावरून जाणारच. अडीच हजार वर्षांपूर्वी बुख्तनस्सर राजाच्या काळात जायचं, आजही जातं. म्हणून फतहीने पंजा उमटलेली वीट डोक्यावर धरून नाचवली, तेव्हा लफ्ताने मानही वर केली नाही.

"अबू हातिम, बघा तर! एका अंगाला राजाचा शिक्का, दुसऱ्या अंगाला कुत्र्याची सही!" फतही इजिप्तहून मजुरीला आलेला, तोंडाचा भारी फटकळ. लफ्ताला तो सगळ्यांसारखा मुलाच्या नावावरून अबू हातिम, म्हणजे हातिमचा बाप, म्हणायचा.

"हळू बोल, मेल्या. भिंतीला कान असतात."

"हिला? एवढं वय झालंय, बहिरी झाली असेल."

जवळच्या हिल्ला शहरातली धडधाकट पोरं सगळी लढाईवर. भिंत उभारायला उरले लफ्तासारखे म्हातारे गवंडी आणि फतहीसारखे परदेशी. जुन्या भिंतीचं खिंडार साफ करायचं, सुट्या विटा काढायच्या आणि नव्या विटांनी बुजवून टाकायचं. नव्या विटांवर नव्या राज्यकर्त्याचं नाव होतं. ते कुणाचं, हे विचारायची सोय नव्हती. नोटेवर तेच, शाळेच्या भिंतीवर तेच, आता विटेवरही तेच. लफ्ताला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्या एका नावाचं वळण त्याच्या डोळ्यांत पक्कं बसलं होतं. वीट उलटी बसली तर खैर नव्हती ना!

आणि त्याचा एकुलता एक मुलगा हातिम वसंतापासून बेपत्ता होता. दक्षिणेच्या दलदलीत तुकडी गेली ती गेलीच. मेला म्हणून रडता येईना, आहे म्हणून हसता येईना. त्यात लोक विचारायचे, पळून तर नाही ना गेला? पळालेल्याच्या घरच्यांचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. लफ्ताने तोंडाला कुलूप लावलं होतं.

त्या दुपारी त्याने खिंडारातली एक वीट उचलली आणि खालच्या अंगाचं, त्या काळी विटा सांधायला लावलेलं डांबर खरवडलं. डांबराचा पापुद्रा निघाला आणि आत पाऊल दिसलं. लहान मुलाचं, अनवाणी. डाव्या पायाची मधली दोन बोटं एकमेकांना जुळलेली.

लफ्ता विटेकडे बघतच राहिला. हातिमचा पाय तसाच होता. त्याची आई नुवारा त्याला लाडाने 'बदक' म्हणायची.

"काय झालं हो?" फतहीने विचारलं.

"काही नाही. पोराटोराचा पाय."

जगात जुळलेल्या बोटांची मुलं काय कमी असतात? लफ्ताने वीट बाजूला ठेवली आणि कामाला लागला. पण पुढच्या थरात, हातभर आत, तोच पाय होता. जरासा मोठा. त्याच्या आत आणखी मोठा. कुणीतरी बाळपणापासून चालत भिंतीच्या पोटात निघालं होतं आणि चालता चालता वाढत होतं.

संध्याकाळी त्याने नुवाराला सांगितलं. तिने भाकरी तव्यावरच करपू दिली.

"बदक आहे माझं," ती म्हणाली. "आत आहे तो."

"अगं, ती वीट कधीची! बुख्तनस्सरच्या भट्टीतली! वेडी झालीस का?"

"तुमचा बुख्तनस्सर खड्ड्यात गेला. पावलं जातात कुठे, ते बघा. पाऊल पुढे पडतंय म्हणजे माणूस चालतोय. चालतोय म्हणजे जिवंत आहे. काढा माझ्या लेकराला बाहेर."

लफ्ताने तिला वेडी म्हटलं खरं, पण दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी खिंडारात शिरला. आत गारवा होता. बाहेर ऑगस्टचं ऊन माणसाला भाजून काढत होतं आणि इथे नदीकाठच्या चिखलाचा, बोरूचा वास येत होता. कोरड्या भिंतीत दलदलीचा वास कुठून आला, ते त्याला कळेना. त्याने वीट उचलली.

आता अनवाणी पाय नव्हता. बूट होता.

लष्करी बुटाचा तळ. आणि डाव्या टाचेला टायरचा तुकडा. त्याची नक्षी, त्यात तीन खिळे, एक वाकडा. तो तुकडा लफ्तानेच ठोकला होता, हातिम शेवटचा रजेवर आला तेव्हा. खिळा वाकला म्हणून पोरगा हसलाही होता. "बाबा, गवंड्याने चांभारकी करू नये."

लफ्ताने नखाने तो ठसा चाचपला. भाजलेली वीट, दगडासारखी. वरच्या अंगाला राजाचा शिक्का.

 त्याने तिच्या आतली वीट काढली. बूट. तिच्या आतली काढली. पुन्हा बूट, पण या वेळी टाच आतल्या बाजूला होती आणि पुढचा भाग लफ्ताकडे.

हातिम वळला होता. परत यायला निघाला होता.

"फतही! पहार आण, लवकर!"

पहार आली नाही. उस्ताद नबील आले. कामावरचे इंजिनियर, बाहीला घड्या घातलेले, उन्हाने लाल झालेले. त्यांनी वीट पाहिली, बूट पाहिला. चेहऱ्यावरचा रंगच उडाला त्यांच्या.

"बुख्तनस्सरच्या विटेत टायर?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं. "काय सांगू मी वरती? नव्या भिंतीच्या उत्सवाला पाहुणे येणार आहेत. फोडून टाक ही. खिंडार आजच्या आज बंद झालं पाहिजे."

"उस्ताद, एकच वीट. एवढी एकच काढू द्या. माझा मुलगा..."

"तुझा मुलगा बेपत्ता आहे ना?" नबील आणखी जवळ आले. "बेपत्ता की पळालाय, याची चौकशी लावू का, अबू हातिम?"

 लफ्ताला नुवारा आठवली, तुरुंगाच्या दारात बसलेल्या बायका आठवल्या. त्याने थापी उचलली.

दुपारभर तो एकेक वीट लावत राहिला. नाव सुलट, पण सगळी नावं भिंतीच्या आतल्या बाजूला वळलेली. नबीलच म्हणाले, आतल्या थराचं कोण बघतंय, घाई कर. फतही गारा देत होता. शेवटची फट उरली तेव्हा आतून बोरूचा वास भपकन आला. लफ्ताने त्या फटीला कान लावला.

आत कुणीतरी चालत होतं. टाच जड पडत होती. डावी.

त्याने वीट बसवली.

घरी नुवारा दारातच उभी होती. "दिसला?"

"पुढे काही नव्हतं," लफ्ता म्हणाला. आयुष्यात तो इतकं कोरडं कधी बोलला नव्हता.

आठवडा गेला असेल. एका सकाळी गल्लीत टॅक्सी शिरली, टपावर झेंड्यात गुंडाळलेली पेटी. ड्रायव्हर खाली उतरला आणि त्याने मान खाली घातली. गल्लीतल्या बायकांनी आधीच टाहो फोडला.

"दलदलीत सापडला," ड्रायव्हर म्हणाला. "पाण्यातच पडला होता. इतके दिवस जिवंत होता, असं बरोबरचे म्हणाले. गेल्या आठवड्यात, दुपारी गेला."

"उघडा," नुवारा म्हणाली.

"उम्म हातिम, उघडायची नाही, हुकूम आहे."

"मी आई आहे. उघडा!"

टाहो ऐकून आलेल्या फतहीने खिळे उचकटले. नुवाराने आधी पाय पाहिला. मधली दोन बोटं जुळलेली. तिने त्यावर ओठ टेकले, आणि तिथेच थांबली.

"याच्या तळव्याला डांबर कसलं?"



तिने हात धरला. पाण्यात सापडलेल्या पोराचे हात कोरडे होते. नखं तुटलेली, नखांत विटेची लाल भुकटी.

मग तिने त्याची मूठ उलगडली. तळव्यावर काहीतरी उठून आलं होतं. भिंतीला सगळा जोर लावून रेटल्यावर तिची नक्षी कातडीत उमटते, तसं. दुसऱ्या तळव्यावरही तेच.

"काहीतरी लिहिलंय," नुवारा म्हणाली. "अहो, काय लिहिलंय हे?"

अक्षरं उलटी होती, आरशातल्यासारखी. तरी लफ्ताने ते नाव ओळखलं.