दोनशे चौदा फोटोंत नसलेली बाई

हे माझ्यासोबत घडलं आहे. ऐकीव नाही. ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही, कारण मलाही ते अजून नीट पटवून घेता आलेलं नाही.

मे २०१४. मोताळा, जिल्हा बुलढाणा.

आणि वेळ रात्रीची नव्हती.

भर दुपारची होती.

माझं नाव निवेदिता. आई गेल्यावर बुलढाण्याचं घर सोडून मी मोताळ्यात एका संस्थेच्या कामावर आले. भाऊ पुण्यात. रविवारी फोन करायचा, कधी विसरायचा. ऑफिस म्हणजे घरमालकीण नूरबींच्या घराला लागून दोन खोल्या. पुढच्या खोलीत मी आणि लॅपटॉप. मागच्या खोलीत जुन्या वह्यांच्या पेट्या आणि पाण्याचा माठ.

बाकी कुणी नाही.

बीटी कापूस नवा नवा आला त्या वर्षांत संस्थेनं आसपासच्या वावरांतले चार हजार फोटो काढून घेतले होते. पेरणी, दुबार पेरणी, फवारणी, वेचणी, उभ्यानं वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं. फोटो काढणारे अकीलभाई प्रत्येक फोटोसाठी वहीत दोन ओळी लिहून ठेवत. त्या ओळी मी टाइप केल्या. नागपूरच्या सहदेव नावाच्या इंजिनियरनं बनवलेला प्रोग्राम त्या वाचायचा आणि त्यातली माणसं, स्थळ, काम वेगळं काढून फोटोखाली लावायचा. म्हणजे उद्या कुणी 'दुबार पेरणी' शोधलं की सगळे फोटो समोर यावेत. मी तपासायचं, चुका पुसायच्या. केलेला प्रत्येक बदल नेटवरून नागपुरात सहदेवलाही दिसायचा.

एक गोष्ट लक्षात घ्या.

तो प्रोग्राम फोटो बघत नव्हता. फक्त वाचायचा.

एका फोटोखाली अकीलभाईंच्या ओळी होत्या, 'दुसरी वेचणी. गुलाबराव व मजूर बाया.' प्रोग्रामनं माणसांची नावं काढली... गुलाबराव, जनकाबाई.

जनकाबाई कोण?

चूक समजून मी नाव पुसलं.

दुसऱ्या दिवशी नऊ फोटोंखाली जनकाबाई. पुसली. आठवडाभरात आकडा गेला दोनशे चौदावर. मी सगळ्या टिपणांत ते नाव शोधलं. एकदाही नव्हतं.

सहदेवला फोन केला.

"मॅडम, तुमच्या ओळीत नाव नसंल तर ते येईल कुठून?" तो हसला. "त्याले काय स्वप्न पडते का?"

मी रोज संध्याकाळी दोनशे चौदा वेळा ते नाव पुसून घरी जायचे.

सकाळी ते परत आलेलं असायचं.

मग आवाज सुरू झाला.

दुपारी लाइट जायची. पंखा थांबला की गल्लीत चिटपाखरू नसायचं. त्या शांततेत मागच्या खोलीतून...

सर्र... कट्.

सर्र... कट्.

उंदीर असेल म्हणून मी पेट्या हलवल्या. काही नाही. पुढं येऊन बसले की पुन्हा तेच.

एकदा नूरबी भाजी द्यायला आल्या. दारातच थांबल्या.

"कोन कापूस वेचून राह्यलं तुह्या मागच्या खोलीत?"

"काय?"

"बोंड तोडल्याचा आवाज हाय तो. म्या वीस वर्षं वेचला ना कापूस." मग त्याच म्हणाल्या, "पन मे महिन्यात? वावरं तं नांगरून पडली आता."

वाटी ठेवून त्या घाईनं गेल्या.

त्या दिवशी मी ते दोनशे चौदा फोटो पहिल्यांदा नुसते बघत बसले. वेचणीला बाया शेजारी शेजारी लागतात, एकीला एक ओळ. प्रत्येक फोटोत बाया होत्या. पाच उभ्या, मग मोकळी जागा, मग दोन. दुसऱ्या फोटोत तीन, मोकळी जागा, चार.

त्या मोकळ्या ओळीतला कापूस मात्र वेचलेला होता.

अर्धीच ओळ. जणू वेचणारी आत्ताच तिथून उठून गेली...

रविवारी मी एसटीनं बुलढाण्याला आणि तिथून जीपनं अकीलभाईंच्या गावी, धाडला गेले. अकीलभाई आता थकलेत. अंगणात बाज टाकून बसले होते. मी नाव घेतलं, तसा त्यांचा चहाचा कप ओठापाशीच राहिला.

"हे नाव तुमाले कोनं सांगतलं?"

"तुमच्या वहीतून आलं."

"वहीत नाही ना ते. मले नावच माहीत नव्हतं, तं लिहीन कसं?" त्यांनी कप खाली ठेवला. "एकटी बाई होती. सगळ्याइच्या वावरात वेचाले जाये. अंगावर धड लुगडं नाही. संस्थेचे साहेब म्हनत, फोटो चांगला आला पाहिजे. मंग म्या म्हनो, मावशी, जरा बाजूले व्हा. पुढं पुढं तं कॅमेरा दिसला का ती आपलीच बाजूले व्हाये. एकदा बोलली, माहा बी एक काढा ना दादा. म्या म्हनलं, पुढच्या खेपीले."

"मग?"

"मेली झोपडीत. तापानं. चार दिवस कोनालेच कयलं नाही. ह्याले वाटे त्याच्या वावरात असंल, त्याले वाटे ह्याच्या. पोलीस पाटलानं मले फोटो काढाले बोलावलं, पंचनाम्याचा. तवा नाव कयलं, जनकाबाई." त्यांनी मान खाली घातली. "तेवढाच एक फोटो काढला म्या तिचा."

परतीच्या जीपमध्ये माझ्या मनात एकच हिशोब चालू होता. मी मेले तर किती दिवसांनी कळेल?

भावाचा फोन रविवारी. म्हणजे सात.

सोमवारी ऑफिसात गेले. यादी उघडली. दोनशे चौदा.

"आता नाही पुसत, बाई," मी मोठ्यानं म्हणाले. चार दिवसांत त्या खोलीत मी पहिल्यांदाच बोलले असेन.

मागच्या खोलीतला आवाज थांबला.

बुधवारी ऊन फार होतं. सकाळपासून डोकं जड. एकच्या सुमारास लाइट गेली, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला. पाणी प्यायला म्हणून मागच्या खोलीत गेले. माठावरचं झाकण उचललेलं आठवतं...

पुढचं काही आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा सरकारी दवाखान्यात सलाइन लावलेलं होतं. उशाशी नूरबी होत्या. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. आणखी तासभर उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"त्या नागपूरवाल्या पोराचा फोन आल्ता. मी आली तं पुढच्या खोलीत खुर्ची रिकामी. वाटलं, बजारात गेली असंल. मी तं वापस फिरली होती पोरी. तोच फोनवर म्हने, मावशी, मागच्या खोलीत पाहा."

"त्याला काय माहीत?"



संध्याकाळी सहदेवचा फोन आला. या वेळी तो हसला नाही.

"मॅडम, तुमच्या लॅपटॉपवरून नोंदी बदलत होत्या. एकापाठोपाठ एक. दीड वाजल्यापासून. मले वाटलं तुम्हीच काही गडबड करून राह्यल्या. फोन लावला, तुम्ही उचलेना. म्हणून नूरबींले लावला."

"कसल्या नोंदी?"

"व्यक्ती... निवेदिता. स्थळ... मागची खोली."

दीड वाजता मी फरशीवर पडलेली होते. आणि 'मागची खोली' हे शब्द चार हजार टिपणांत कुठंही नाहीत. टाइप मीच केलीत ती.

"किती फोटोंवर?"

"दोनशे चौदा."

माझ्या तोंडून निघालं, "म्हणजे जनकाबाईच्याच. तिच्या शेजारी माझं नाव आलं?"



"शेजारी नाही, मॅडम. तिचं नाव काढून तुमचं टाकलं होतं. आता तिचं नाव कुठंच नाही."

दवाखान्यातून सुटल्यावर मी दोनशे चौदा ठिकाणी माझं नाव काढून तिचं लिहिलं. स्वतःच्या हातानं. नूरबी दारात बसून होत्या, मी उठेपर्यंत हलल्या नाहीत. ते काम पुरं केलं आणि नोकरी सोडली.

नूरबी म्हणतात, तिनं तुला वाचवलं. त्या तिच्यासाठी दुवा मागतात. मलाही तसंच मानायला आवडेल. पण वाचवायचंच होतं, तर तिनं स्वतःचं नाव का पुसलं? ती मला सोडवत होती... की स्वतः सुटून तिथं मला ठेवत होती?

आता मी बुलढाण्यात राहते. दुपारी एकटी घरात थांबत नाही. शेजारणीकडे जाते. तीही नसली तर कुलूप लावून बसस्टँडवर जाऊन बसते.

गाडी कुठलीच पकडायची नसते.

फक्त कुणाला तरी दिसत राहायचं असतं.