पहिला तुंबा

द्राक्षांची तोडणी संपली त्याच आठवड्यात माएल डोंगरात निघाली. वर्षभराचा कामाचा परवाना घेऊन ती फ्रान्सहून मेंदोसाला आली होती. ऊको खोऱ्यातल्या मळ्यावर तोडणीत पाठ मोडून घेतली. आता त्याच पाठीवर पिशवी टाकून मोकळं हिंडायचं, एवढाच बेत. सोबतीला मळ्यावरचा ट्रॅक्टरवाला एवारिस्तो होता.

मळ्यावर स्वयंपाक करणाऱ्या एउफेमियामावशीने निघताना पिशवीत चीज कोंबलं.

"आणि काय गं गोरे, वर कुणी तुंबा पाजला तर त्याच्या किटलीला हात लावू नकोस. मळ्याची अब्रू आहे!"

सगळे खो खो हसले. आल्या-आल्या माएलने हा घोळ घातलाच होता. तुंब्यात येर्बाची कडू पत्ती, वर गरम पाणी, आणि एकाच नळीने सगळ्यांनी आळीपाळीने प्यायचं. पण ओतणारा एकच. त्याची किटली उचलणं म्हणजे त्याला उठवून लावणं. पहिला तुंबा सगळ्यात कडू, तो ओतणाऱ्याने स्वतः प्यायचा, मग पाहुण्यांना. आणि तुम्ही 'धन्यवाद' म्हणेपर्यंत तुमची पाळी येतच राहते.

दुपारी खिंडीच्या खाली पांढरा वारा सुटला. बर्फाचा भुगा असा उधळला की स्वतःचे बूट दिसेनात. ओढा ओलांडताना एवारिस्तो घसरला, कमरेपर्यंत भिजला. वाटसरूंसाठी बांधलेल्या दगडी निवाऱ्याची भिंत हाताला लागली तेव्हा त्याला धड बोलताही येत नव्हतं.

आत चूल पेटलेली होती. शेजारी एक म्हातारा खेचरवाला, खांद्यावर पोंचोची जाड घोंगडी.

"या, बसा," तो मान वर न करता म्हणाला. "पाणी तापलंय."

म्हाताऱ्याने तुंबा भरला आणि सरळ एवारिस्तोच्या हातात दिला.

पहिलाच तुंबा पाहुण्याला? विसरला असेल, माएलच्या मनात आलं. तिची पाळी आली. नळी ओठांना लागताच बर्फाचा चटका बसला. कसाबसा घोट गिळून तिने तुंबा परत केला. "धन्यवाद, काका." म्हाताऱ्याने मान हलवली. मग तुंबा एकट्या एवारिस्तोकडेच जाऊ लागला.

"कसा गरम आहे बघ…" तो पुटपुटला. त्याचे ओठ निळे पडले होते.

माएल चुलीजवळ सरकली. ज्वाळा हलत होत्या, पण लाकूड तडतडत नव्हतं. धुराचा वास नव्हता. वास होता तो ओल्या लोकरीचा, आणि खेचरांचा. बाहेर तर एकही खेचर नव्हतं.

"एवारिस्तो, पुरे. धन्यवाद म्हण."

"आत्ता कुठे… ऊब येतेय, गोरे…" त्याची मान कलली. म्हातारा पुन्हा ओतत होता. हा झोपला तर उठणार नाही, हे तिला कळून चुकलं.

"काका," तिने विचारलं, "तुम्ही नाही घेतला?"

म्हाताऱ्याचा हात थांबला.

"माझे दोघे सोबती मागे राहिलेत… ते आल्याशिवाय मी कसा घेऊ? पाणी तापवून बसलोय. जो येतो त्याला देतो… पण ते काही येत नाहीत."

माएलने त्याच्या हातातली किटली उचलली. हाताची कातडी लोखंडाला चिकटली. मावशी काय म्हणेल, असा वेडा विचारही डोक्यात चमकून गेला. तिने तुंबा भरला. ओतणारी आता ती होती, म्हणजे पहिला तिचाच. डोळे मिटून तिने तो प्यायला. छातीत बर्फाची रेघ उतरत गेली.

दुसरा तिने दोन्ही हातांनी म्हाताऱ्यापुढे धरला.

त्याने तुंबा घेतला. मग नळी ओठांना लावली. तळाचा घोट ओढल्याचा खुळखुळ आवाज झाला.

"धन्यवाद, पोरी," तो म्हणाला.

चूल विझली. विझली कसली, तिच्यात जुनी, घट्ट बसलेली राख होती. तुंबा नाही, किटली नाही, कुणी नाही. माएलने एवारिस्तोचे ओले कपडे ओढून काढले, त्याला झोपायच्या पिशवीत घातलं, सोबतचा छोटा स्टोव्ह पेटवला आणि ती त्याचे पाय चोळत बसली. चोळत राहिली.

"ए गोरे…" शेवटी आवाज आला. "सोड की. गुदगुल्या होतात."

ती हसली, मग रडली, मग पुन्हा हसली.

सकाळी आकाश लख्ख निळं होतं. खालच्या वळणावर एवारिस्तो चीज चघळत मागे बघायला थांबला.

"वर कुणी आलं वाटतं. धूर निघतोय."

वाऱ्याबरोबर जळत्या लाकडाचा वास खाली आला. माएलच्या एकदम लक्षात आलं.

"तू म्हणाला नाहीस."

"काय?"

"धन्यवाद. म्हण आत्ता. मोठ्याने!"

"खुळी आहेस," तो हसला. पण तिचा चेहरा पाहून त्याने हात तोंडाशी धरले. "धन्यवाद, काका!"

डोंगरांनी हाक परत दिली. माएलने सुटकेचा श्वास सोडला. मग जरा थांबून तोच शब्द आणखी दोनदा आला, दोन वेगळ्या आवाजांत.