पाठीमागचा फडा

त्या दिवशी मी संग्रामपूरच्या बाजारातून झाडायचा नवा फडा आणि फिनाईलची बाटली घेऊन येत होते. बाकी काही काम नव्हतं. समू कडेवर होती. समू म्हणजे माझी मुलगी सम्यका. अजून पाय टाकत नव्हती, नुसती रांगायची आणि खाली सापडेल ते तोंडात घालायची. पावसाळ्यात तिला जुलाब लागून सलाईन लावावं लागलं होतं. तेव्हा नर्सबाई मला रागावल्या, "फरशी साफ ठेव वो जराशी, पोट्टी माती खाऊन राह्यली."

ते बोलणं मला लागलं, आणि त्या दिवसापासून माझा नेमच ठरला. उठल्याबरोबर पुढचं आणि मागच्या दाराबाहेरचं अंगण झाडायचं, सडा टाकायचा. मग दोन्ही खोल्या झाडून फिनाईलच्या पाण्यानं पुसायच्या, कोपऱ्यात बोट फिरवून बघायचं. दुपारी समू निजली की परत. दिवे लागायच्या आत परत एकदा. माझा नवरा रवी टेम्पो चालवतो. तो हसायचा, "फरशी झिजून जाईन महामाया, मालकाले काय सांगू?"

तर मी घरी आले तेव्हा मालकच दारात उभे. इंद्रभानकाका, नळ गळत होता म्हणून बघायला आले होते. चपलांसकट दोन्ही खोल्यांत फिरले. सगळीकडं काळ्या मातीचे पाय उमटले. मोठ्या माणसाला काय बोलणार, मी चहा ठेवला. चहा पिऊन ते निघाले. समू पेंगत होती, मी वळून तिला गोधडीवर टाकलं आणि फडा घ्यायला उठले.

फरशी साफ होती.

साफ म्हणजे... फडा फिरल्याच्या पुसट रेघा होत्या. अर्धगोल, एकीला लागून एक, आतल्या खोलीपासून थेट उंबऱ्यापर्यंत. मातीचा कण नव्हता. माझा नवा फडा भिंतीला टेकलेला, त्याची बांधलेली सुतळीही सोडली नव्हती.

मला वाटलं, ऊन लागलं. खरं सांगते, थोडं बरंही वाटलं. एक झाडणं वाचलं होतं. खोलीत फक्त कसलासा ओला, हिरवा वास होता. आत्ताच कुणी बांबू तोडून आणावेत तसा.

संध्याकाळी रवी आला तो दारातच थांबला. "इंद्रभानकाका गेले. वरवट बकालच्या स्टँडवर, बाकड्यावर बसल्या बसल्या."

शेजारी बानोखाला राहतात. बांगड्या विकतात, तोंडानं फटकळ, पण समूवर जीव. आमच्याकडं आल्या की नेहमी पायरीवर बसूनच बोलायच्या. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "खाला, आत या ना. आत्ताच पुसलं मी."

"तुह्या घरात साफसफाईची कमी नाही, माहीत हाय मले." त्या हसल्या नाहीत. "इंद्रभान निघाला न्, त्याच्या पाठीमागं तू झाडलं का?"

"नाही वो. मी तर समूले निजवत होती. पण..."

"पण झाडलेलं होतं."

माणूस घरातून निघालं की लगेच पाठीमागं झाडत नाहीत, हे आमच्याकडं लहान लेकरालाही माहीत असतं. तसं फक्त मयत उचलल्यावर झाडतात. आतून बाहेर, उंबऱ्यापर्यंत. गेलेल्यानं परत येऊ नये म्हणून.

बानोखाला हळू आवाजात बोलू लागल्या. "तुमच्या आधी इथं रुखमाबाई राहे. एकटी बाई. तुह्यासारखीच, हातात सदा फडा. भर उन्हाळ्यात मेली. माणसं आली, घाईघाईनं उचललं, गेली. पाठीमागं झाडायले एक बाई थांबली नाही. मी हितंच उभी होती बेटा. पण तुमच्या रीतीत मी मुसलमानाची बाई कसा हात घालू? मले वाटलं, येईन कोणी."

"मग?"

"कोणी आलं नाही. अन् दुपारी भिंतीपलीकडून आवाज आला... सर्र... सर्र... घराले तर कुलूप होतं."

समू खालांच्या बांगड्या ओढत होती. त्यांनी तिची मूठ सोडवली आणि उठल्या. "कोणी निघालं की उंबऱ्यात उभी राहात जाय. माणूस नजरेआड होईपर्यंत हलू नको. बाई उंबऱ्यात असली की ते पुढं येत नाही."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. रवी निघाला की मी रोज समूला कडेवर घेऊन उंबऱ्यातच उभी राहायचे, टाटा करायला. टेम्पो वळेपर्यंत.

रात्री रवीला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "विहारात बसून हेच शिकली का वो? काकाले शुगर होती." मग माझं तोंड बघून नरमला. "बरं. दुसरी खोली पाह्यतो. एवढी कापसाची घाई होऊन जाऊ दे."

मी झाडणं बंद केलं. धूळ तशीच राहू दिली, भाकरीचे तुकडेही उचलले नाहीत. वाटलं, घाण असली म्हणजे घरात माणसं आहेत हे तिला कळेल. पण समू ते तुकडे तोंडात घालायची, आणि मी रडत रडत तिच्या तोंडातून बोटानं काढायचे. झाडावं तरी भीती, न झाडावं तरी भीती. नुसती बसून राहायचे, रवीच्या येण्याची वाट बघत.

मग तो दिवस. रवी निघाला तेव्हा चांगलं लख्ख ऊन पडलं होतं. समू आत गोधडीवर निजली होती, म्हणून मी एकटीच उंबऱ्यात उभी राहिले. टेम्पो चालू होईना. रवी खाली उतरला, बॉनेट उघडलं, गल्लीतल्या पोरांना ओरडला, "पाह्यता काय बे, लोटा!"

आणि माझ्या पाठीमागं आवाज सुरू झाला.

सर्र... सर्र... आतल्या खोलीत होता. मग मधल्या दारात. मला वळता येत नव्हतं. रवी अजून दिसत होता, हात काळे झालेले, पोरांशी हसत होता. सर्र... माझ्या टाचांना वारा लागला. तोच हिरव्या बांबूचा वास. फडा माझ्या टाचेशी येऊन थांबला. मी चौकट घट्ट धरली. मनात म्हटलं, बाई, मी नाही हलणार. माझा माणूस परत यायचा आहे.

ते थांबून राहिलं. मग आवाज फिरला... आत गेला... मागच्या खोलीकडं, लांब लांब...

टेम्पो सुरू झाला. रवीनं हात केला. वळणाला लागला, दिसेनासा झाला.

आणि मागच्या अंगणातून समू हसली.

मी धावले. गोधडी रिकामी होती. मागचं दार उघडं. बाहेर, दोरीवरच्या कपड्यांखाली माझी मुलगी स्वतःच्या पायांवर उभी होती. पहिल्यांदा चालली होती ती, एकटी, घराबाहेर. आणि इतक्या दिवसांच्या त्या धुळीत, गोधडीपासून मागच्या उंबऱ्यापर्यंत एक साफ पट्टा होता. अर्धगोल रेघा, एकीला लागून एक.

दारं दोन होती. मी एकटी.

त्याच दिवशी समूला घेऊन अमडापूरला आईकडं आले. अंगावरचे कपडे तेवढे, बाकी काही घेतलं नाही. बानोखालांनी स्टँडपर्यंत सोडलं, समूच्या कपाळावर हात ठेवून काहीतरी पुटपुटल्या. रवी रोज फोन करतो, चांगला आहे, नवी खोली मिळाली म्हणतो. डॉक्टरांनी समूला तपासलं, काही नाही म्हणाले. ताप नाही, जुलाब नाही. जेवते, खिदळते, दिवसभर तुरूतुरू चालते. मी तिला रात्री माझ्या पदराला बांधून निजते. आई म्हणते, "काऊन एवढी भेते वो? पोट्टी तर बरी हाय."

काल आईनं अंगण सारवलं. शेण अजून ओलंच होतं. मी ओसरीवर बसले होते, समू गोठ्याजवळ. मला बघून तिनं दोन्ही हात वर केले आणि अख्खं अंगण ओलांडून चालत माझ्याकडं आली. तिच्या पाठीमागून एक कोंबडी आली.

मी समूला उचलून छातीशी धरलं. तिच्या पायांचे तळवे कोरडे होते. आई पलीकडून कोंबडीला शिव्या देत होती, सारवण खराब केलं म्हणून.

अंगणात कोंबडीची पावलं उठली होती. फक्त कोंबडीची.