सहा तासांचे दिवे

बाई सकाळीच आली आणि समोर खुर्ची रिकामी असताना दाराजवळच्या चपलांच्या फळीवरच टेकली. अंगात त्राण नव्हतं. मांडीवर कापडी पिशवी होती, तिच्यातून ताटाएवढा पांढरा दिवा डोकावत होता.

वहिनींनी तिला पाणी दिलं आणि काही विचारलं नाही. गेली अठरा वर्षं त्या खाजगी तपासाचं काम करतात, आणि समोरच्याला आधी रडू द्यायचं हा त्यांचा शिरस्ता. त्यांचे धाकटे दीर, म्हणजे भावजी, यांना मात्र धीर हा प्रकार ठाऊक नाही. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ते वहिनींच्या मागे वही घेऊन हिंडतात. वहीत सगळं असतं, फक्त हवं ते नसतं.

"चोरी झाली का?" भावजींनी विचारलं.

"नाही. माझी आई मरतेय," बाई म्हणाली.

भावजींनी वही मिटली.

"मी ग्राहक संस्थेत स्वस्त दिवे तपासते," ती सांगू लागली. "खोक्यावर छापलेलं खरं की खोटं ते बघायचं. हा दिवा एरवी विजेवर चार्ज होत राहतो आणि वीज गेली की आपोआप लागतो. खोक्यावर लिहिलंय सहा तास. माझ्याकडे पाच तास पन्नास मिनिटं जळला. मी पास केला."

"नमुना कंपनीनं दिला होता?"

"कंपनीचा नमुना मी हातात धरत नाही. तो नवरदेवासारखा नटूनच येतो. मी गिऱ्हाईक होऊन तीन दुकानांतून तीन दिवे घेतले होते."

"मग?"

"आमची यादी बघून एका वृद्धनिवासानं असे आठ घेतले. माझी आई तिथेच राहते. धाकटा भाऊ तिथेच देखभालीच्या कामावर आहे. गेल्या मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला वीज गेली. जिन्यातले सहाही दिवे लागले आणि पाव तासात विझले. सातला आई अंधारात जिना उतरायला गेली." ती थांबली. "खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता छातीत पाणी झालंय. डॉक्टर म्हणतात, दोन दिवस, फार तर चार."

वहिनी तिच्याजवळ फळीवर जाऊन बसल्या.

"भाऊ सगळ्यांना सांगतोय की मी पैसे खाऊन शिक्का मारला. आणि आई मला खोलीत येऊ देत नाही. नर्सला सांगून ठेवलंय, मुलीला आत सोडायचं नाही म्हणून. आठ दिवस मी बाहेरच्या बाकावर बसून आहे. उद्या संस्थेत चौकशी आहे. नोकरी गेली तर जाऊ दे. पण आई जायच्या आत तिला कळायला हवं की हे मी केलं नाही. आणि माझीच चूक असेल तर ते मला कळू दे."

"हा दिवा?"

"जिन्यातलाच. निवासाच्या व्यवस्थापिकेच्या पाया पडून आणला. कामाच्या पद्धतीप्रमाणे आधी दिवसभर पूर्ण चार्ज केला, मग जाळून बघितला. पाच तास वीस मिनिटं जळला. संस्थेतले साहेब म्हणाले, दिवा बदललास."

"बदललास का?"

"नाही."

वहिनींनी दिवा उलटासुलटा करून पाहिला. झाकणाचा मधला भाग पिवळट पडला होता.

"जुना माल दिसतोय," भावजी म्हणाले.

"साडेतीन महिन्यांपूर्वी बसवलाय," बाई म्हणाली.

*

दुकानदार बोलायला लागला तो थांबेचना. माल चोख आहे, शंभर घरांत लागलाय, एक तक्रार नाही, आणि आता म्हातारी पडली तर सगळे त्याच्याच उरावर बसलेत.

"आमचा मिस्त्री जाऊन बसवून आला. बोर्डावर सूचनेची पिवळी पट्टी चिकटवली, सही घेतली. आणखी काय करायचं हो आम्ही?"

"पट्टी सगळीकडे लावता?"

"पट्टीशिवाय मिस्त्री घरी येत नाही."

वहिनींनी तसली एक कोरी पट्टी मागून घेतली आणि पर्समध्ये ठेवली. भावजींनी वहीत लिहिलं, 'दुकानदार फार बोलतो, म्हणून संशयित.'

वृद्धनिवास तीन मजली होतं. जिन्याची एक बाजू खालपासून वरपर्यंत काचेची. सकाळच्या दहाच्या उन्हात तिथे डोळे उघडे ठेवणं कठीण, भावजींनी गॉगल चढवला. एवढ्या उजेडातही छताच्या ट्यूब चालू होत्या. प्रत्येक वळणावर भिंतीला ट्यूबचं वेगळं बटण होतं. वहिनींनी एकावरून बोट फिरवलं, तर धुळीत रेघ उमटली. दुसऱ्यावर तेच, तिसऱ्यावर तेच.

"झाडूवाली कामचुकार आहे," भावजी म्हणाले.

"कठडा मात्र लख्ख आहे, भावजी."

सहा दिव्यांपैकी पाच जागेवर होते आणि पाचही पिवळट पडलेले. उरलेले दोन दिवे व्यवस्थापिकेच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात. स्वयंपाकघरातल्या दिव्यावर तेलाचा थर होता, पण त्याखालचं झाकण पांढरंशुभ्र.

"हा नवा आणलेला दिसतो," भावजी म्हणाले.

"सगळे एकाच खोक्यातून, एकाच दिवशी आले," व्यवस्थापिका म्हणाली. तीही रडकुंडीला आली होती. पन्नास म्हातारी माणसं तिच्या भरवशावर, आणि त्यांची मुलं आता एकेक करून त्यांना घेऊन जायला लागली होती.

स्वयंपाकीण पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, "त्या दिवशी माझा दिवा चांगला जळत होता. जेवणं झाली, भांडी झाली. नऊला वीज आली तेव्हाच तो विझला. दिव्याला कशाला नावं ठेवता?"

भाऊ तळमजल्यावर विजेच्या बोर्डाच्या खोलीत सापडला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. गुडघा वाकवताना त्याचा चेहरा वेडावाकडा होत होता.

"ताईच्या शिक्क्यानं आई गेली," तो म्हणाला. "लिहून घ्या."

"अजून गेलेल्या नाहीत," वहिनी म्हणाल्या. "जिन्यातल्या ट्यूब कोण लावतं?"

"मीच. संध्याकाळी सहाला चालू, सकाळी सातला बंद. सहा वर्षांत एक दिवस चुकलो नाही. घड्याळ लावून घ्यावं."

"आत्ता दहा वाजलेत आणि ट्यूब चालू आहेत."

त्यानं मान खाली घातली. "आई पडल्यापासून बंद करवत नाहीत."

भावजींना गलबलून आलं. वहिनी बोर्डाकडे बघत होत्या. जिन्याच्या मोठ्या बटणाशेजारी, कळकट रंगात, बोटभर रुंदीचा एक स्वच्छ चौकोन होता. त्यांनी त्यावर बोट टेकवलं आणि उचललं.

"या खोलीची किल्ली आणखी कुणाकडे?"

"कुणाकडेच नाही. माझ्याशिवाय इथे कुणी पाऊल टाकत नाही."

*

दुपारी दोनला वहिनींनी सगळ्यांना जिन्यात बोलावलं. दुकानदार रुमालानं घाम पुसत होता. बाई खालच्या पायरीवर, भाऊ तिच्याकडे पाठ करून. व्यवस्थापिका कठड्याला धरून उभी होती.

"दुकानदारानं काही दिवे खोटे दिले," भावजींनी आपलं मत मांडलं, "आणि स्वयंपाकघरात नेमका खरा गेला."

"मग जिन्यातला दिवा या बाईंच्या टेबलावर सव्वापाच तास कसा जळला?"

"त्यांनी बदल..." भावजींनी बाईकडे पाहिलं आणि वाक्य गिळलं.

"दिवा बदलला नाही. दिवे सगळे खरे आहेत आणि शिक्काही खरा आहे," वहिनी म्हणाल्या. "व्यवस्थापिकाबाई, खाली जाऊन जिन्याचं मोठं बटण बंद करा. किल्ली घ्या यांच्याकडून."

भाऊ किल्ली देईना. व्यवस्थापिकेनं हात पुढे धरूनच ठेवला, तेव्हा त्यानं जुडगा सोडला.

ट्यूब विझल्या. जिन्यात ऊन तेवढंच राहिलं, काहीच बदललं नाही.

"भावजी, स्टुलावर चढा. तुमची काळी छत्री उघडून दिव्याभोवती धरा आणि आत बघा."

भावजी कण्हत चढले. छत्रीच्या आतून त्यांचा आवाज आला, "वहिनी, हा जळतोय."

"सगळेच जळतायत. दिव्याला काय कळतं वीज गेली की कुणी बटण बंद केलं? त्याच्यापुरती वीज गेली. इथे ऊन इतकं की दिवसा तो लागलेला कुणाला दिसत नाही. सकाळी सातला बटण बंद झालं की हे सहाही दिवे उन्हात जळत बसायचे, दुपारी एकपर्यंत. मग रिकामे. संध्याकाळी सहाला बटण चालू. त्या मंगळवारी वीज गेली साडेसहाला. अर्ध्या तासात जेवढे भरले, तेवढे जळले."

"पाव तास," बाई पुटपुटली.

"रोज सहा तास जळून झाकणं पिवळी पडली. स्वयंपाकघराची लाईन वेगळी, ती कुणी बंद करत नाही, म्हणून तिथलं झाकण पांढरं. आणि बाई, तुमचं कुठे चुकलं सांगू? तुम्ही दिवा हातात आला की आधी पूर्ण भरता. तुमची सवयच ती. इथे दिव्याला भरायला वेळ मिळतो का, हाच खरा प्रश्न होता, आणि तुम्ही तर तो स्वतः दिवसभर बसून भरून टाकलात."

बाईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"पण ट्यूब तर वळणावरच्या बटणांनी बंद करायच्या," व्यवस्थापिका वर येत म्हणाली. "मिस्त्रीनं तसंच सांगितलं होतं. मोठ्या बटणाला हात लावायचा नाही."

"ती बटणं महिनोन्‌महिने कुणी दाबलेली नाहीत, धूळ बघा. दुखऱ्या गुडघ्यानं सकाळ-संध्याकाळ तीन मजले कोण चढणार? खाली एक बटण दाबलं की काम झालं. हे मी समजू शकते. कुणाच्याही हातून होईल." वहिनींनी पर्समधून पिवळी पट्टी काढली. 'हे बटण कायम चालू ठेवा' असं तिच्यावर छापलं होतं. "पण ही पट्टी त्या बटणाशेजारी होती आणि आता नाही. तिथला डिंक अजून बोटाला चिकटतो, त्यावर धूळ बसलेली नाही. म्हणजे आठवड्याभरात कुणीतरी ती खरवडून काढली. त्या खोलीत दुसरं कुणी पाऊल टाकत नाही, असं मला सांगितलं गेलं. आणि सहा वर्षं न चुकता बंद होणारं बटण आई पडल्यापासून बंद झालेलं नाही. दुःखानं नव्हे. कारण कळलं होतं म्हणून."

 भावजी छत्री धरून स्टुलावरच उभे होते.

"छोट्या," बाईनं हाक मारली.

तो वळला नाही. "ॲम्ब्युलन्स गेली आणि मी खोलीत जाऊन ती पट्टी वाचली," तो म्हणाला. "साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा. नंतर आईनं विचारलं, दिवे का गेले रे? माझ्या तोंडून तुझं नाव निघून गेलं, ताई. एकदा निघालं ते परत घेता येईना."

"आठ दिवस मी त्या बाकावर होते."

"रोज बघत होतो तुला."

बाई उठली. तिनं त्याला मारलं असतं तरी कुणी अडवलं नसतं. तिनं त्याचं मनगट धरलं. "चल. तिला सांग. माझ्यासमोर सांग."

*

हॉस्पिटलात नर्सनं आधी अडवलं, मग भावाचा चेहरा बघून दार सोडलं. वहिनी आणि भावजी उंबऱ्याशीच थांबले.

आई उशांच्या आधारानं बसवलेली होती. श्वास मोठ्यानं चालला होता. मुलीला पाहताच तिनं डोळे मिटले.

भाऊ पलंगाशी उभा राहून सगळं बोलला. बटण, पट्टी, ताईचं नाव. बोलताना दोनदा अडखळला, पण गाळलं काही नाही. बाई आईच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती.

"मला ठाऊक आहे," आई म्हणाली.

भावानं पलंगाच्या पायथ्याचा दांडा धरला.

"आभाळ भरून आलं की दिसायचे ते दिवे, दुपारचे जळताना. दोनदा सांगितलं मी ह्याला. म्हणाला, आई, तुला दिसत नाही नीट." तिनं दम खाल्ला. "पडले तेव्हाच कळलं मला. ह्याला विचारलं ते हा खरं सांगतो का बघायला."

वहिनींनी उंबऱ्यावर मान खाली घातली. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"मग मला आत का येऊ दिलं नाहीस?" बाईचा आवाज फुटला. "मला वाटलं तू रागावलीस. मी वाट्टेल ते मनात आणलं, आई."

"तू समोर बसून विचारलं असतंस. तुझ्याशी मला खोटं बोलता आलं नसतं." तिनं मुलीचा हात शोधून धरला. "तू शिकलेली आहेस. एक नोकरी गेली तर दुसरी मिळेल, तू निभावशील. ह्याला कोण आहे? ह्याला तुरुंगात घालतील ग."

 आईनं तिचा हात दाबला.

"उद्या चौकशीत ह्याचं नाव घेऊ नकोस. दिवा वाईट होता म्हण. एवढं कर माझ्यासाठी."

 भाऊ पलंगाचा दांडा धरून उभा होता. त्यानं बहिणीकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

"तसाच जिना अजून किती ठिकाणी असेल, आई," बाई शेवटी म्हणाली. "बटण बंद केलं की काय होतं ते मला लिहावं लागेल. आणि कुणी बंद केलं, तेही विचारतील. मी सांगेन."

आईनं तिच्या हातातून आपला हात काढून घेतला. चादरीवरून चाचपत ती मुलाचा हात शोधू लागली. तो दूर उभा होता, हात पोचेना. बाईनं तो हात अलगद उचलला, भावाला जवळ ओढलं आणि त्याच्या हातात दिला. मग ती खोलीबाहेर आली.